‘जागतिक संस्कृती’ हा अभ्यासक्रम पालकांपुढे मांडताना: सभेची तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नववीला आठवड्यातून एक तास ‘जागतिक संस्कृती’ शिकवायचे ठरते, पालकसभा बोलावली जाते, उद्दिष्टे वाचून दाखवली जातात, पालक सह्या करून आणि चहा घेऊन घरी जातात. दोन महिन्यांनी त्यांतलाच एक पालक मुलाची वही घेऊन शाळेत येतो आणि ‘आमच्या पोराला दुसऱ्यांचा धर्म कशाला शिकवताय?’ असे विचारतो. संमतीपत्रावर त्याची सही असते, पण आपण कशाला होकार दिला हे त्याला त्या दिवशी कळलेलेच नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत हे पुन्हा पुन्हा घडते, कारण अभ्यासक्रम पालकांना सांगितला जातो, दाखवला जात नाही. पुढील टप्पे त्यासाठी आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

कर्नाटकच्या राज्य अभ्यासक्रमात या नावाचा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे समाज विज्ञानाला जोड म्हणून शाळेने चालवलेला पूरक अभ्यासक्रम असे येथे धरले आहे.

टप्पा १: पंधरा दिवस आधी शिक्षकांनी आपसांत बोलून घ्यावे

बहुतेक सभा बिघडतात त्या शिक्षकांचे आधी आपसांत बोलणे न झाल्यामुळे. एका शिक्षकाने ‘गुण धरणार नाही’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘अंतर्गत गुणांत बघू’ म्हणायचे आणि मुख्याध्यापकांनी दोघांकडे पाहायचे, एवढ्यावर पालकांचा विश्वास उडतो. म्हणून मुख्याध्यापक, समाज विज्ञान व भाषेचे शिक्षक, आणि शाळा सुधारणा समितीचे किंवा संस्थेचे एक-दोन सदस्य यांनी बसून एक पानी टिपण तयार करावे. त्यात तास किती, कोणत्या दिवशी, कोण शिकवणार, गुणांचे काय, खर्च किती आणि कोणत्या देशांविषयी शिकवणार, एवढेच असावे.

देशांच्या निवडीवर मात्र वेळ घालवावा. वीस देशांची यादी केली की पालकांना तो सामान्य ज्ञानाचा क्लास वाटतो, आणि खरे सांगायचे तर तो तसाच होतोही. चार प्रदेश पुरेत. तीन असे घ्यावेत की ज्यांचा धागा आपल्या भागात सापडतो. मेक्सिको आपल्या मिरचीतून सापडतो. इराण ‘जमीन’, ‘दप्तर’, ‘शिपाई’ या रोजच्या शब्दांतून सापडतो, आणि इराणमधील गिलानहून आलेल्या बहमनी वजीर महमूद गवानने बिदरला 1472 मध्ये उभारलेल्या मदरशातूनही. पूर्व आफ्रिका खानापूर तालुक्यातील आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूरकडील सिद्दी समाजाच्या पूर्वजांमुळे आपल्याशी जोडलेली आहे. चौथा देश मुद्दाम असा घ्यावा की ज्याचा आपल्याशी धागा सहज दिसत नाही, उदाहरणार्थ जपान. तेथेही लोक दाराशी पायताण काढूनच घरात जातात, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे.

सावधान: वर्गात सिद्दी कुटुंबातील मूल असेल तर त्या मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना ‘आफ्रिकेचा नमुना’ म्हणून पुढे उभे करू नये. ते आपले शेजारी आहेत. त्यांना काही सांगावेसे वाटले तर ते आपण होऊन सांगतील.

याच बैठकीत धर्माच्या प्रश्नावर शाळेची भूमिका लेखी ठरवावी. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण अथवा उपासना असली, तरी अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीवाचून त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. आपला अभ्यासक्रम धार्मिक शिक्षण नाही. एखाद्या समाजात बारशाला किंवा मयताला काय करतात हे सांगणे वेगळे आणि ते मुलांकडून करवून घेणे वेगळे, हा फरक प्रत्येक शिक्षकाला एका वाक्यात सांगता आला पाहिजे. वर्गात कोणतीही प्रार्थना म्हणवून घेतली जाणार नाही, कोणत्याही विधीची नक्कल केली जाणार नाही, हे टिपणात लिहावे.

तपासा: टिपण शाळेच्या शिपायाला किंवा स्वयंपाकाच्या मावशींना वाचून दाखवावे. त्यांना जे कळले नाही ते पालकांनाही कळणार नाही.

टप्पा २: दिवस, वेळ आणि निमंत्रण

जुलैत रोप लावणीच्या दिवसांत सभा ठेवली तर बाकांवर फक्त नोकरदार पालक दिसतील. बेळगाव शहरालगतच्या गावांनी शनिवारही टाळावा, कारण तो बाजाराचा दिवस. शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत आणि उद्यमबागच्या फाउंड्र्यांत पाळीने काम करणाऱ्यांसाठी एकच वेळ कधीच जमत नाही. तेथे एकच सभा दोन वेळांना घ्यावी, एक सकाळी आणि एक संध्याकाळी.

गावात वार पाळणूक (देवीसाठी ठरावीक वारी कामे बंद ठेवण्याची प्रथा) चालू असेल तर त्या दिवशी शेतीची कामे बंद असल्याने सगळे घरी असतात आणि सभेला तो दिवस सोयीचा वाटतो. तसा तो आहेही, पण सकाळी बायका देवीच्या ओटीच्या गडबडीत असतात. दुपारी तीननंतर बोलवावे आणि आधी पंचांना विचारून घ्यावे.

निमंत्रण केवळ व्हॉट्सअॅपवर टाकून भागत नाही. तो मोबाइल बहुधा वडिलांकडे असतो आणि मुलांचा अभ्यास बहुधा आई पाहते. मुलांच्या हातून चिठ्ठी पाठवावी, तिच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड मजकूर असावा. आपल्या कित्येक घरांत सून कन्नड गावाकडची असते. ती मराठी बोलते छान, पण वाचायला तिला कन्नडच सोपे जाते. दोन्ही मजकूर शब्दाला शब्द जुळावेत. कन्नड मजकूर कन्नडच्या शिक्षकांकडूनच लिहून घ्यावा, मोबाइलवरून भाषांतर करू नये.

मजकुरात ‘जागतिक संस्कृती अभ्यासक्रमाच्या उद्बोधनासाठी’ असे लिहिले की अर्धे पालक तेथेच थांबतात. त्याऐवजी असे लिहावे: ‘या वर्षी नववीची मुले आठवड्यातून एक तास इतर देशांतील लोक काय खातात, कसे राहतात, घरात काय बोलतात आणि सण कसे साजरे करतात हे शिकणार आहेत. त्यातला एक धडा आपण सर्वांनी मिळून करून पाहू या. घरातील आज्जी-आजोबांनाही घेऊन या.’ आज्जी-आजोबांचे वाक्य गाळू नये. पुढे सभा तेच उचलून धरतात.

टप्पा ३: खोली, वस्तू आणि नकाशा

व्यासपीठ, हार, शाल-श्रीफळ यांना फाटा द्यावा. वर्गातील बाके बाजूला सारून पालक गोलाने बसतील अशी जागा करावी आणि मध्ये एक टेबल ठेवावे. टेबलावर उपवासाच्या ताटातील कच्च्या वस्तू वेगवेगळ्या वाट्यांत मांडाव्यात: रताळे, बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा, राजगिरा, हिरवी मिरची, वरी, जिरे, तूप. बेळगावच्या पश्चिम भागातील गावांत रताळे कोणाच्या तरी शेतातलेच मिळेल, ते त्यांच्याकडूनच मागून घ्यावे. (निपाणीकडच्या एका उत्साही शिक्षकाने तंबाखूचे पानही मांडायचे ठरवले होते. तंबाखूही अमेरिकेतूनच आली हे खरे, पण तिचे नाव घेणे पुरे. शाळेत पान आणू नये.)

भिंतीवर जगाचा मोठा नकाशा हवा. येथे एक चूक फार महागात पडते. इंटरनेटवरून छापलेल्या नकाशात भारताची सीमा अनेकदा चुकीची असते, आणि बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे सभेत एखादे तरी निवृत्त जवान बसलेले असतात. त्यांची नजर आधी काश्मीरवर जाते. मग पुढचा अर्धा तास सभा नकाशावरच चालते. सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणारी सीमा असलेला, छापील नकाशाच वापरावा.

याच जवानांशी सभेआधी जाऊन बोलून घ्यावे. भारतीय सैन्याच्या तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून लेबनॉन, काँगो, दक्षिण सुदान येथे जाऊन आल्या आहेत. आपल्या गावातला कोणी तेथे राहून आला असेल, किंवा आखाती देशात कामाला गेलेला कोणी सुट्टीवर आला असेल, तर ‘पहिल्या महिन्यात कशाची सवय व्हायला वेळ लागला?’ या एका प्रश्नावर त्यांनी पाच मिनिटे बोलावे. ‘अनुभवकथन’ असे नाव देऊ नये, दिले की भाषण सुरू होते.

सावधान: टेबलावरील वस्तू दाखवण्यासाठी आहेत, वाटण्यासाठी नाहीत. आपल्या जिल्ह्यात जैन कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांतील अनेक जण कंदमुळे खात नाहीत. ‘घ्या हो, उपवासाचेच आहे’ असा आग्रह केला की संस्कृतीचा धडा सुरू होण्याआधीच चुकतो. चहाबरोबर काही द्यायचेच असेल तर बिस्किटे द्यावीत.

टप्पा ४: आधी धडा

स्वागताला तीन मिनिटे पुरेत. त्यानंतर प्रस्तावना न करता शिक्षकाने टेबलाजवळ जावे आणि विचारावे: ‘यातल्या कोणत्या वस्तू पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या गावात मिळाल्या नसत्या?’

पालक बहुधा साबुदाण्याकडे बोट दाखवतात, कारण तो दुकानातून येतो. मग एकेक वाटी उचलून नकाशावर तिची जागा दाखवावी. बटाटा पेरूच्या डोंगराळ भागातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा आज तमिळनाडूत सेलमकडे बनतो, पण ज्या कंदापासून तो करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतलाच. मिरची मेक्सिकोकडची, राजगिराही अमेरिका खंडातला, आणि आपल्याच शेतात निघालेले रताळेही तिकडचेच. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेला पोहोचला, वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला आला आणि पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतले. त्यानंतर ही पिके जहाजांतून इकडे येऊ लागली. चोर्ला घाट उतरला की गोवा, हे बेळगावकरांना वेगळे सांगावे लागत नाही. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. ताटात जुने उरतात ते वरी, जिरे आणि तूप.

तुपाची वाटी हातात असताना कन्नड भाषक आयांकडे वळावे. त्यांच्या घरी त्याला ‘तुप्प’ म्हणतात. मिरचीचे तर आणखी गमतीचे आहे. मराठीने नव्या तिखट फळाला जुन्या मिऱ्यावरून ‘मिरची’ म्हटले, आणि कन्नडनेही मेणसू म्हणजे मिऱ्यावरूनच ‘मेणसिनकायी’ म्हटले. परकी वस्तू आली तेव्हा दोन्ही घरांनी तिला ओळखीच्या नावाने आत घेतले. हे त्या आयांनीच सांगावे म्हणून थोडे थांबावे. सांगितलेच पाहिजे असे नाही, पण सांगतात.

आता या धड्यातली माझी स्वतःची चूक. पहिल्या वर्षी मी वाट्या दाखवून झाल्यावर हसत म्हणालो, ‘म्हणजे आपला उपवास सगळा परदेशी!’ वर्गात हशा पिकला. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आज्जी उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘मग आमची एकादस बाटली म्हणा की, मास्तर.’ त्या निघून गेल्या आणि त्यांच्या नातवाची संमती मिळायला गणपती उजाडले. वस्तू कुठून आली हे सांगताना माणसाच्या श्रद्धेला मी धक्का दिला होता, तोही टाळीसाठी.

दुसऱ्या वर्षापासून मी तेथे प्रश्न विचारू लागलो: ‘परमुलखातून आलेली ही पिके आपल्या पणज्यांनी उपवासाच्या ताटात का घेतली असतील?’ याचे उत्तर बहुतेक वेळा म्हाताऱ्या बायकाच देतात: उपवासाला धान्य चालत नाही आणि कंद हे काही धान्य नव्हे. म्हणजे नियम आपला राहिला आणि वस्तू बाहेरून आली. हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघाले की शिक्षकाने ते फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि म्हणावे, ‘मुले वर्षभर हेच शिकणार आहेत.’ अभ्यासक्रमाची ओळख तेथेच होते. उद्दिष्टांचा कागद वाचायची गरज उरत नाही.

तपासा: धडा वीस मिनिटांत संपला का? निदान पाच-सहा पालक बोलले का? फक्त शिक्षकच बोलले असतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये, आणखी एक प्रश्न विचारावा.

टप्पा ५: मग एक पानी टिपण

टिपण आता वाटावे, आधी नाही. आधी वाटले तर पालक कागदात डोके घालतात. मोठ्याने सावकाश वाचावे आणि दोन ओळींवर थांबावे. एक, दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत या विषयाचा पेपर नाही. दोन, यासाठी गणित, विज्ञान किंवा इंग्रजीचा एकही तास कापलेला नाही, आणि हे खरे असेल तरच म्हणावे. वेळापत्रक पालकांना मुलांच्या वहीत दिसतेच.

टप्पा ६: प्रश्नांना उत्तरे

याला निदान पंचवीस मिनिटे ठेवावीत. प्रश्न ठरलेले असतात, फक्त विचारण्याची धाटणी बदलते.

‘याचा दहावीला उपयोग काय?’ गुण मिळणार नाहीत हे स्पष्ट सांगावे. त्यानंतर उपयोग सांगायचा तर तोही प्रत्यक्षातला सांगावा: मूल घरातील वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारून दहा-बारा वाक्यांचे टिपण स्वतःच्या शब्दांत लिहायला शिकते, आणि भाषेच्या निबंधात ते दिसते. ‘स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल’ असे मोघम आश्वासन देऊ नये.

‘आधी आपली संस्कृती शिकवा की!’ हा प्रश्न विरोधाने नव्हे तर काळजीने येतो, म्हणून वाद घालू नये. प्रत्येक घटकाचा पहिला तास घरातल्याच गोष्टीवर असतो, हे दाखवावे. अन्नाचा घटक आपल्या ताटापासून, घरांचा घटक आपल्या उंबऱ्यापासून सुरू होतो. नुकताच झालेला धडाच पुरावा म्हणून पुढे करावा.

‘आपली म्हणजे कोणाची?’ सीमाभागात हा प्रश्न कधीतरी येणारच, आणि एकदा तो आला की सभा भाषेच्या आणि सीमेच्या वादाकडे वळू शकते. शिक्षकाने तेथे मत देऊ नये. ‘या वर्गातल्या मुलांच्या घरात जे जे आहे ते सगळे’ एवढे उत्तर पुरे, आणि लगेच पुढचा प्रश्न घ्यावा. शिक्षक कितीही ठाम मताचा असला तरी ते मत या खोलीबाहेर ठेवायचे.

‘मुलींना कुठे कुठे नेणार?’ येथे थेट ठिकाण सांगावे. पहिल्या सहलीसाठी बेळगावचा किल्ला उत्तम आहे. दाराशी दुर्गेचे देऊळ, आत 1204 मध्ये बांधलेली, छतावर कोरीव कमळ असलेली कमल बस्ती हे जैन मंदिर, सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम, हे सगळे एकाच तटाच्या आत आहे. एकाच धर्माचे स्थळ पाहायला नेले असे कोणी म्हणू शकत नाही, आणि मुले दुपारच्या आत परत येतात. किल्ल्यात लष्कराची जागा असल्याने परवानगी आणि फोटोंचे नियम आधी विचारून घ्यावेत.

सावधान: ज्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले नाही त्याला ‘बघू’ म्हणू नये. ‘आठ दिवसांत चिठ्ठीने कळवतो’ म्हणावे, तेथेच वहीत लिहून घ्यावे आणि कळवावे.

टप्पा ७: संमतीपत्र त्याच दिवशी घेऊ नये

सगळ्यात जास्त शाळा चुकतात त्या येथे. चहाच्या कपाबरोबर सही घेतली की ती सभेची हजेरी होते, संमती होत नाही. पत्र घरी द्यावे आणि चार दिवसांनी परत मागावे. तोवर घरात बोलणे होते आणि जे सभेला आले नाहीत त्यांनाही समजते.

पत्रात एकच ‘मला मान्य आहे’ नसावे. धार्मिक स्थळाला भेट, बाहेरील पाहुण्यांचे बोलणे, मुलाचे छायाचित्र आणि वर्गात काही चाखणे, या चार गोष्टींसाठी चार ओळी आणि प्रत्येकीपुढे हो किंवा नाही असावे. चाखण्याच्या ओळीखाली मूल काय खात नाही आणि कशाने त्याला त्रास होतो हे लिहायला जागा सोडावी. शेंगदाण्याने त्रास होणारे मूल वर्गात असू शकते. वर्गात जे येईल ते शाकाहारीच असावे, आणि अंडे घातलेला केकही त्यात धरू नये.

‘नाही’ लिहून आलेल्या मुलाला सहलीच्या दिवशी बसायला जागा आणि करायला काम हवे. त्याला वाचनालयात नुसते बसवून ठेवणे ही शिक्षा ठरते. इतर मुले जे पाहून येणार आहेत त्याचेच छापील चित्र देऊन पाच प्रश्न तयार करायला सांगावे. मुले परतली की तेच प्रश्न तो त्यांना विचारेल.

टप्पा ८: पहिल्या आठ दिवसांत वही घरी जाऊ द्या

पहिल्याच आठवड्यात मुलांना घरचे काम द्यावे: ‘घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी ताटात नव्हती पण आता आहे अशी एक वस्तू कोणती? ती पहिल्यांदा कधी खाल्ली?’ उत्तर बोलीत असले तरी तसेच लिहू द्यावे, लाल शाईने प्रमाण करू नये. आज्जीचे वाक्य वहीत जसेच्या तसे दिसले की ती वही घरात सगळ्यांना दाखवली जाते, आणि ज्या पालकांना सभेला येता आले नाही त्यांना अभ्यासक्रम वहीतून कळतो.

पहिला घटक संपला की अर्ध्या तासाची दुसरी सभा घ्यावी. तिच्यात शिक्षकाने बोलू नये. तीन मुलांनी आपापल्या वहीतील एक पान वाचावे आणि पालकांनी प्रश्न विचारावेत. तक्रार असेल तर ती येथेच बाहेर येऊ द्यावी. तक्रारीची वही वेगळी ठेवावी: तारीख, कोणत्या तासाबद्दल, पालकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत आणि शाळेने काय केले. पालकांचे नाव वर्गात घेऊ नये आणि मुलाला त्याबद्दल विचारू नये. पुढच्या वर्षीचे टिपण लिहायला बसताना शिक्षकांनी आधी हीच वही उघडावी. माझ्या वहीतली पहिली नोंद त्या एकादशीची आहे.